गंजलेली मॉरिस मायनर : कामाची सुरुवात कुठून करावी?

प्रश्न
नमस्कार. मॉरिस मायनर १००० ही चार दारांची, ९४८ सीसी इंजिनाची मोटार माझ्या ताब्यात आली आहे. बरीच वर्षे ती एका जागी उभी होती. इंजिन जाम झाले आहे, दारांखालच्या पट्ट्यांवर रंगाला फुगे आले आहेत आणि चालकाच्या पायाखालचा पत्रा कडेने गंजून गेला आहे. जुनी मोटार पुन्हा उभी करण्याची माझी ही पहिलीच वेळ असून वेल्डिंगचा मला काहीही अनुभव नाही. तरीही जेवढे शिकता येईल तेवढे शिकून काम स्वतःच्या हातांनी करावे, अशी मनापासून इच्छा आहे. मोटार आधी पूर्ण सुटी करावी आणि मग एकेक भाग दुरुस्त करावा, असे काही जण सुचवतात. हा मार्ग योग्य आहे का?

प्रतिसाद १
कृपया मोटार पूर्ण सुटी करू नका. मायनर १९४८ मध्ये आली तेव्हापासून तिला वेगळी चॅसी (बॉडीखालचा भार पेलणारा सांगाडा) नाही. तळ, दारांखालचे पट्टे, खांब आणि छप्पर हे सगळे मिळून भार पेलतात. त्यामुळे गंजलेले पट्टे दोन्ही बाजूंनी एकदम कापले, तर तळ मधोमध झुकण्याची शक्यता असते आणि तसे झाले की नवा पत्रा कितीही नेटका जोडला तरी दारे चौकटीत नीट बसत नाहीत.

पहिले काम तपासणीचे आहे. मोटार सपाट, टणक जमिनीवर जॅक स्टँडवर घ्या (नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली कधीही शिरू नका) आणि स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्याने तळाचा पत्रा ठोकत पुढे सरका. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, आतून सडलेल्या पत्र्याचा आवाज बद्द येतो आणि तिथे टोक दाबले की ते आत रुतते. बाहेरच्या अंगाला लोहचुंबक फिरवला तर जाड पुट्टी कुठे भरली आहे तेही कळते. पुढच्या टॉर्शन बारची (पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणाऱ्या दांड्यांची) मागची टोके ज्या आडव्या तुळईत अडकवलेली असतात ती तुळई, मागचे पाटे (पोलादी पात्यांच्या स्प्रिंगा) जिथे टांगलेले असतात त्या जागा आणि जॅक लावण्याच्या जागेभोवतीचा पत्रा यांवर अधिक वेळ घालवा. या जागा कमकुवत असतील, तर बाकीची मोटार कितीही देखणी असली तरी ती रस्त्यावर नेण्याजोगी नसते.

पत्रा कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत लोखंडी पाइप आडवा टाचून (वेल्डिंगच्या छोट्या टाक्यांनी तात्पुरता जोडून) घ्या, दाराभोवतीच्या फटी मोजून लिहून ठेवा आणि एका वेळी एकाच बाजूचे काम हाती घ्या.

प्रतिसाद २
वरील सल्ल्याशी मी सहमत आहे. इंजिन आणि ब्रेक यांविषयी थोडी भर घालतो. जाम झालेल्या इंजिनावर स्टार्टर वापरू नये. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये गंज सोडवणारे पातळ तेल थोडे थोडे सोडा, काही दिवस जाऊ द्या आणि मग गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन हाताने फिरवण्याच्या हँडलने ते अलगद मागेपुढे हलवून पाहा. जोर लावावा लागत असेल तर थांबून पुन्हा तेल सोडावे. इंजिन फिरू लागले तरी जुने पेट्रोल आणि इंजिनातले तेल बदलल्याशिवाय ते सुरू करू नका.

या मोटारीचा ब्रेकचा मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ब्रेकच्या तेलावर देणारा भाग) चालकाच्या पायाखाली, तळाच्या पोकळ दांड्यात बसवलेला असतो, म्हणून तळाचा पत्रा उघडाल तेव्हाच तोही काढून तपासा. रबरी नळ्या वरून चांगल्या दिसल्या तरी बदलाव्यात. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये (ड्रमला आतून घासणाऱ्या थरात) ॲस्बेस्टॉस असू शकते, त्यामुळे ड्रममधली धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या : या मोटारीत मूळ जोडणीनुसार बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते. सवयीने ऋण टोक जोडून चालणार नाही.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. गंजाचे रूपांतर करणारे द्रव मिळतात. ते लावून वरून रंग दिला, तर पत्रा कापणे टळेल का?

प्रतिसाद ३
भोक पडलेल्या किंवा पापुद्रे सुटणाऱ्या पत्र्यावर ते टळणार नाही. या द्रवांमधले फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्ल पृष्ठभागावरच्या गंजाशी संयोग पावते आणि त्याचा स्थिर थर बनवते, परंतु दोन पत्र्यांच्या जोडात साचलेल्या गंजापर्यंत ते क्वचितच पोहोचते. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणूनच तो जोडातले पत्रे फाकवतो आणि रंगाला फुगे आणतो. जिथे पत्रा जाड व सलग आहे, तिथे वायर ब्रशने घासून हे द्रव जरूर वापरा.

ब्रॅकेटसारखे सुटे भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात ठेवून विद्युत प्रवाहाने उत्तम स्वच्छ होतात. त्यासाठी प्रवाहाच्या दुसऱ्या टोकाला जोडून पाण्यात ठेवायचा तुकडा साध्या लोखंडाचा घ्यावा, स्टेनलेस स्टीलचा कदापि नको, कारण त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. या क्रियेत हायड्रोजन वायू सुटतो, तेव्हा काम मोकळ्या हवेत करा. जुन्या रंगात शिसे असू शकते. तो कोरडा न घासता पाणी लावून घासावा आणि तोंडावर योग्य मास्क असावा.

प्रतिसाद १
वेल्डिंगबद्दल सांगायचे राहिले होते. सुमारे १ मिलिमीटर जाडीचा पत्रा सलग जोडत गेल्यास तापून वाकतो, म्हणून दूरदूर टाके घालत, पत्रा थंड होऊ देत मधल्या जागा भरत जावे. मोटारीला हात लावण्यापूर्वी तितक्याच जाडीच्या भंगार पत्र्यावर भरपूर सराव करा आणि केलेला जोड वाकवून, तोडून तपासा. जोड सुटण्याआधी बाजूचा पत्रा फाटला तर हात बसू लागला असे समजा. टॉर्शन बारच्या तुळईचे आणि पाट्यांच्या जागांचे जोड मात्र पहिल्या वेळी अनुभवी वेल्डरकडूनच करून घ्यावेत. वेल्डिंगपूर्वी बॅटरी काढून ठेवा आणि पेट्रोलच्या टाकीजवळ काम असेल तर टाकीही उतरवून दूर न्या. काम संपल्यावर पट्ट्यांच्या पोकळीत आतून गंजरोधक मेण फवारा आणि पाणी निचरण्याची भोके सीलंटने बुजलेली नाहीत ना, हे प्रत्येक भोकात तार घालून पाहा.