मदत हवी आहे: विंडोज ११ मध्ये राइट क्लिकचा जुना मेनू कायमचा आणता येतो का?

मंडळी, सांगली मार्केट यार्डात आमचं हळदीचं आडत दुकान आहे, विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून परवा ११ टाकून घेतलं आणि अप्पांनी दुकान डोक्यावर घेतलंय. स्टार्ट मधोमध गेलेलं, ते सेटिंगमधून डावीकडं आणलं. पण राइट क्लिक केलं की कट, कॉपी बारीक चित्रांच्या ओळीत, कात्री बघून अप्पा म्हणतात, "हे काय टेलरचं दुकान हाय व्हय?" बाकीचं 'शो मोअर ऑप्शन्स'मध्ये दडलेलं. शिफ्ट धरून क्लिक केलं की जुना मेनू येतो, पण सौद्याच्या वेळी त्यांच्या एका हातात फोन असतो ओ. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदींत) बदल करायचा म्हणतात, पण शेतकऱ्यांच्या मालाच्या सगळ्या पट्ट्या (विक्रीची बिलं) त्याच मशीनवर, धाडस होईना. कुणी केलंय का?