रविवारी उमेदवार येणार आहेत, काय विचारायचं?

सेक्रेटरी: नमस्कार 🙏 रविवारी ११ वाजता क्लबहाऊसमध्ये आमदारकीचे एक उमेदवार येत आहेत. त्यांची 'पाणी, जंगल, खनिज' ही पुस्तिका सगळ्यांच्या पत्रपेटीत टाकली आहे. प्रश्न आधी इथे टाका.

बी-१२०३: धरण कधी, एवढंच विचारा. ठाण्यात घोडबंदरला येऊन ९ वर्षं झाली, अजून टँकर. पान ४ वर काळू धरणाचं वचन आहे. आपल्याला आणखी काय हवं?

सी-५०१: बरोबर. टँकरचं बिल मेंटेनन्सच्या वर चाललंय.

ए-७०४: पाटबंधारे खात्यात ३१ वर्षं काढली म्हणून थोडं लिहितो. काळू धरण मुरबाडमध्ये. वनखात्याची परवानगी न घेताच काम सुरू केलं होतं, म्हणून उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ते थांबवलं. जवळपास हजार हेक्टर जंगलाचा प्रश्न आहे, शिवाय आदिवासी गावं. पुस्तिकेत यातलं एक अक्षर नाही, नुसतं '५ वर्षांत पूर्ण करू'.

आपल्या जिल्ह्यातलंच बघा. तानसा धरणाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातंय, पुढे भातसा धरण झालं. दोन्ही शहापूर तालुक्यात, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांना दर उन्हाळ्यात टँकर. नोकरीत असताना एका एप्रिलमध्ये बघितलेलं सांगतो. मुंबईला जाणाऱ्या जलवाहिनीच्या जोडातून पाणी ठिबकत होतं आणि एक बाई खाली कळशी धरून उभी होती. मी तिथे होतो तेवढ्या वेळात अर्धीसुद्धा भरली नाही. पाइपातून अख्ख्या शहराचं पाणी चाललं होतं.

बी-१२०३: काका, वाईट वाटतं हो. पण माझी दोन लहान मुलं आहेत. आम्ही कुठून आणायचं पाणी?

ए-७०४: तुमचं चुकत नाही. धरण नकोच असं मी म्हणत नाही. त्यांना तीन गोष्टी विचारू. वरच्या गावांचा पाण्यातला वाटा आधी लिहून देणार का? 'आधी पुनर्वसन, मग धरण' हे पाळणार का? आणि इथल्या नव्या टॉवरांच्या बांधकामाला शुद्ध केलेलं सांडपाणी सक्तीने वापरायला लावणार का? तिसऱ्याला धरणाची वाट बघावी लागत नाही.

सी-५०१: पान ९ पण वाचा. रेती-खडीचे लिलाव करून रस्ते आणि योजना.

ए-७०४: मला सर्वांत जास्त खटकलं ते हेच पान. डोंगर एकदाच फोडता येतो. पारसिकचा डोंगर खाणींनी कसा कुरतडलाय ते आपण बघितलंय. त्यातून आलेला पैसा दरवर्षी खर्चून टाकला तर पुढच्यांच्या हाती ना डोंगर, ना पैसा. गोव्याच्या लोहखनिजाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं, विक्रीच्या रकमेतले १० टक्के कायमस्वरूपी निधीत टाका. आपल्या रेती-खडीसाठी असा निधी काढणार का, हे मी स्वतः विचारणार आहे.

सेक्रेटरी: लिहून घेतलं. काका, आपला पावसाच्या पाण्याचा खड्डा गाळाने भरलाय, तो उपसायचं कोटेशन उद्या टाकतो. हे आपलं आपल्याला करता येईल.

डी-३०२: मी कधी लिहीत नाही ग्रुपवर. माझं माहेर मुरबाडकडचं, धरणाच्या पट्ट्यातलं. सर्वेवाले येऊन आईच्या दारावर लाल रंगाने नंबर टाकून गेले. त्यानंतर घर जाणार की राहणार, कुणीच काही सांगितलं नाही. ती कौलं बदलत नाही. म्हणते, बुडायचंच असेल तर कशाला खर्च? गळतंय तिथे पातेलं ठेवते आणि पावसाळा काढते.

बी-१२०३: ताई, मला हे माहीतच नव्हतं. रविवारी पहिला प्रश्न तुम्ही विचारा. माझा नंतर.

डी-३०२: आईला घेऊन येते. तीच विचारेल.