कारवानी पिल्लू घ्यायचंय (तासगाव): खात्रीचा पैदासकार ओळखायचा कसा?

द्राक्षबाग_तासगाव
नमस्कार मंडळी. तासगावच्या बाजूला मळ्यात वस्ती आहे. द्राक्षबाग, बेदाण्याचं शेड, दहा-बारा कोंबड्या, घरात सहा आणि नऊ वर्षांची दोन पोरं. कारवानी जातीच्या शिकारी कुत्र्याचं मादी पिल्लू घ्यायचंय. जत, आटपाडी, मुधोळ, तिन्हीकडून मोबाइलवर फोटो येतायत आणि जो तो 'एकदम प्युअर' म्हणतोय. एकजण तर ३५ दिवसांचं पिल्लू रात्रीच्या ट्रॅव्हल्सने खोक्यात घालून पाठवतो म्हणाला. चांगला पैदासकार ओळखायचा कसा, आणि तिथं गेल्यावर नेमकं काय बघायचं? मळ्यात हे कुत्रं निभेल का, तेही सांगा.

माणदेशी_हाउंड
खोक्यातलं पिल्लू घेऊ नका, विषय तिथंच संपवा. श्वान पैदास आणि विक्रीच्या केंद्राच्या २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. त्याला कारण आहे. पाचव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लं एकमेकांशी झटापट करत चावा किती जोराचा घ्यायचा ते शिकतात. लवकर तोडलेलं पिल्लू पुढं पोरांच्या हातांना जोरात चावतं, तुमच्या घरात तर लहान पोरं आहेत.

आधी नावाचा घोळ मिटवतो. कारवानी आणि मुधोळ ही एकच जात. केनेल क्लब ऑफ इंडियाकडे नोंद 'कारवान हाउंड' अशी होते, इंडियन नॅशनल केनेल क्लबकडे 'मुधोळ हाउंड'. कान-शेपटीला झुपकेदार केस असतील तर आपल्याकडे पश्मी म्हणतात. तेव्हा 'हे मुधोळ, ते कारवानी, म्हणून दर वेगळा' असं कोणी सांगितलं तर ती बतावणी समजा.

आता आईकडे बघा. सगळी परीक्षा तिथंच आहे. व्यायला सात-आठ आठवडे झालेल्या कुत्रीची थानं लोंबलेली असतात, अंगावरचं मांस थोडं उतरलेलं असतं, केस गळत असतात. 'हीच आई' म्हणून पोट आवळलेली, तुकतुकीत मादी पुढं केली तर पिल्लं दुसरीकडून आणून विकायला ठेवलीयत. आईजवळ पिल्लू सोडायला सांगा. ती हुंगते, चाटते की उठून लांब जाते? अनोळखी माणसापासून दोन पावलं मागं सरणं या जातीत चालतं, पण मालकाचा हात पाठीवर असतानाही थरथरत कोपरा धरणारी आई नको.

बाप तिथं नसला तर बिघडत नाही, उलट बरं. जबाबदार माणूस मादी लांबच्या नराकडे नेतो. त्या नराच्या मालकाचा फोन मागा आणि बोला. नर घरचाच असेल तर सरळ विचारा, मादीशी त्याचं नातं काय? 'रक्त शुद्ध राहावं' म्हणून बाप-लेक, भाऊ-बहीण लावायची खोड आपल्या भागात आहे. आधीच या जातीत नर-माद्या थोड्या. त्यात असं केलं की वेतात पिल्लं कमी पडतात, अशक्त निघतात, जबडे वाकडे होतात. निदान तीन पिढ्यांची नावं ज्याला तोंडपाठ आहेत त्याच्याकडे जा.

शर्यतीसाठी ग्रेहाउंडशी (परदेशी पळणाऱ्या जातीशी) संकर केलेली पिल्लंही फिरतात. दोन महिन्यांच्या पिल्लात ती भेसळ दिसत नाही, आईबापात दिसते. कारवानीचे कान डोक्याच्या बाजूला सपाट लोंबतात. ग्रेहाउंडचे मागं दुमडून मानेला चिकटतात, मांड्याही जास्त भरलेल्या असतात. मुधोळ तालुक्यात तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं या जातीसाठीचं श्वान केंद्र आहे. पैसे कुठंही द्यायच्या आधी तिथली कुत्री डोळ्यांखालून घाला, नजर तयार होते.

मादीचं वय आणि वेतं विचारायला विसरू नका. दीड वर्षाच्या आत लावलेली नको, आणि वर्षाला एकापेक्षा जास्त वेत घेणाऱ्याचं पिल्लू तर नकोच.

पशुवैद्य_सातारा
वरचं सगळं बरोबर. पिल्लू हातात घेतल्यावर मी ज्या क्रमाने तपासतो तो सांगतो.

हिरडी अंगठ्याने दाबून सोडा. पांढरा झालेला ठिपका दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवा. हिरडी मुळातच फिकी असेल तर जंत, पिसवा किंवा गोचीड रक्त पितायत. पोट नगाऱ्यासारखं आणि बरगड्या उघड्या, हेही जंतांचंच लक्षण. वरचे पुढचे दात खालच्यांवर जेमतेम टेकून बसावेत. बेंबीवर बोट फिरवा, मऊ गाठ लागली तर हर्निया असू शकतो, डॉक्टरला दाखवल्याशिवाय घेऊ नका. शेपटीखाली केस चिकटलेत का? जुलाब लपवायला पिल्लू सकाळीच धुतलेलं असतं, म्हणून ओल्या पिल्लाचा संशय धरा. शेवटी त्याच्या पाठीमागं किल्ल्यांचा जुडगा टाका. दचकून मग वळून हुंगायला येणारं पिल्लू उत्तम.

जंताचं औषध दोन, चार, सहा आणि आठ आठवड्यांना झालेलं असावं. लसीचं कार्ड मागा, त्यावर बाटलीचं स्टिकर आणि डॉक्टरची सही हवी. नुसती पेनाने लिहिलेली तारीख म्हणजे लस नव्हे. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने १६ आठवड्यांपर्यंत, रेबीजची तीन महिन्यांनंतर. १६ आठवडे एवढ्यासाठी की आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती अंगात असेपर्यंत लस नीट लागू होत नाही, आणि ती कधी ओसरेल ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं. 'एक लस झालीय, आता काळजी नाही' म्हणणाऱ्यांचीच पिल्लं पार्व्होने (जीवघेण्या जुलाबाच्या विषाणूने) जातात.

एक गोष्ट तुमच्या डॉक्टरला आवर्जून सांगा. या कुत्र्यांच्या अंगात चरबी फार कमी, आणि थायोपेंटोनसारखी भुलीची औषधं त्यांच्या शरीरातून सावकाश उतरतात. नसबंदीच्या वेळी 'हा साइटहाउंड आहे' (म्हणजे नजरेने शिकार हेरून धावणारं कुत्रं) एवढं बोललात तरी डॉक्टर दुसरं औषध निवडेल. सातारकडच्या वाचकांना अवघड केससाठी शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ पडतं.

वस्तीवरची_ताई
दादा, बेदाण्याच्या शेडला आधी जाळीचं दार बसवा, मग पिल्लू आणा. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विष आहेत, मूत्रपिंडं निकामी होतात. किती खाल्ल्यावर होईल याचा भरवसा नाही, एखाद्याला मूठभरही पुरे होतात. रॅकखाली सांडलेले बेदाणे पिल्लू एकेक करून टिपतं आणि कोणाला कळतही नाही. खाल्लेलं दिसलं तर उलटीची वाट बघू नका, मीठ-पाणी पाजू नका, सरळ दवाखाना गाठा. उंदराच्या गोळ्याही शेडमधून काढा.

कोंबड्यांचं खरं सांगते. पळणारी वस्तू दिसली की धावायचं, हे या जातीच्या रक्तातच आहे. लहानपणापासून दोरीवर धरून कोंबड्यांसमोर बसवलं, नजर वळवली की तुकडा दिला, असं महिनोन्महिने केलं तर समोर असेपर्यंत ऐकेल. माघारी भरवसा नको, खुराडं बंदच ठेवा. मळ्याला पाच-सहा फुटी कुंपण लागेल. ससा मारला तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा होतो, तेव्हा मोकाट सोडू नका.

नुसत्या भाकरी-ताकावर वाढवू नका, हाडं कमजोर राहतात. भाकरीबरोबर उकडलेलं अंडं, चिकन किंवा पिल्लांचं तयार खाद्य, चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा थोडं थोडं. मोठेपणी दोन वेळा, आणि जेवणानंतर तासभर पळवायचं नाही, छाती खोल असल्याने पोटाला पीळ पडतो. वर्षभर तरी मोटारसायकलमागं पळवू नका. मागच्या एक-दोन बरगड्या दिसणं या जातीत नॉर्मल आहे, पाहुण्यांचं ऐकून लठ्ठ करू नका.

द्राक्षबाग_तासगाव
फार मोलाचं सांगितलंत. ट्रॅव्हल्सवाल्याला नाही कळवलं. जतजवळच्या एकाकडे आई बघायला बोलावलंय, पण नोंदणीचे कागद नाहीत म्हणतो. आणि आणताना काय काळजी घ्यायची?

माणदेशी_हाउंड
कागद नसणं म्हणजे फसवणूक नव्हे, वस्त्यांवरच्या कित्येक चांगल्या कुत्र्यांची नोंदच झालेली नाही. पण मग त्याने कागदाचे पैसे मागू नयेत. 'कागद मागनं पाठवतो' म्हणणाऱ्याला अॅडव्हान्स देऊ नका. नोंदणीचे कागद असलेलं पिल्लू घेतलंत तर कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपचा नंबर दवाखान्यात स्कॅन करून कागदाशी जुळवा. दोन्ही बाबतीत साध्या कागदावर आईबापाची नावं, जन्मतारीख, झालेल्या लसी लिहून घ्या. ४८ तासांत तुमच्या डॉक्टरने दोष काढला तर पिल्लू परत, आणि पुढं कधी सांभाळणं जमलं नाही तर तोच परत घेईल, हेही लिहा. दोघांच्या सह्या. चांगला माणूस यावर कुरकुर करत नाही, उलट तुमच्या कुंपणाचा फोटो मागतो.

निघण्याआधी तीन-चार तास खायला देऊ नका, पाणी चालेल. पहाटे निघा. आईच्या अंगाखाली दोन दिवस ठेवलेलं फडकं मागून घ्या आणि मांडीवर पिल्लाखाली अंथरा. वाटेत ढाब्यावर किंवा स्टँडवर जमिनीवर सोडू नका, पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. लघवीसाठी जुने पेपर गाडीतच ठेवा. पहिले आठ दिवस पैदासकार जे खायला घालत होता तेच घाला, मग हळूहळू बदला.