'ग्रॅव्हिटी' पाहताना श्वास नेमका कुठे अडकला?

आल्फोन्सो कुआरॉन यांचा 'ग्रॅव्हिटी' २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये भारतात प्रदर्शित झाला, तेव्हा मी तो लागोपाठ दोन रविवारी पाहिला. पहिल्या रविवारी खुर्चीचे हात धरून पडद्याकडे पाहिले आणि दुसऱ्या रविवारी आजूबाजूच्या प्रेक्षकांकडे. कथा दोन वाक्यांत सांगून होते. हबल दुर्बिणीची दुरुस्ती करणाऱ्या अंतराळवीरांवर फुटलेल्या उपग्रहाच्या तुकड्यांचा मारा होतो, यान नष्ट होते आणि पहिल्याच मोहिमेवर आलेली डॉ. रायन स्टोन एका स्थानकावरून दुसऱ्या स्थानकाकडे जात पृथ्वीवर परतण्याची धडपड करते. राक्षस नाही, परग्रहवासी नाही, खलनायकही नाही; तरीही ९१ मिनिटे माणसे पाठ टेकवायला तयार नव्हती.

एका तुकड्याने दुसरा उपग्रह फुटावा, त्याच्या तुकड्यांनी तिसरा, ही साखळी डोनाल्ड केसलर यांनी १९७८ मध्येच मांडली होती. चित्रपटात ती सुरू होते रशियाने स्वतःचाच निकामी उपग्रह क्षेपणास्त्राने उडवल्यामुळे. १५ नोव्हेंबर २०२१ रोजी रशियाने खरोखरच आपला एक जुना उपग्रह असा उडवला आणि आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातील सर्वांना परतीच्या यानांत जाऊन बसावे लागले. ती बातमी वाचून मी तिसऱ्यांदा हा चित्रपट पाहिला आणि मग काही परिचितांना लिहिण्याची विनंती केली. चित्रपट चांगला की वाईट, यापेक्षा आपला श्वास कोणत्या क्षणी अडकला आणि त्याच क्षणी का अडकला, हे प्रत्येकाने लिहावे, एवढीच अट होती. शेवट उघड होणार आहे, हे न पाहिलेल्यांनी ध्यानात घ्यावे.

ध्वनिमुद्रक, पुणे

माझा श्वास कथा सुरू होण्यापूर्वीच अडकला. अवकाशात ध्वनी वाहून नेणारे काहीही नाही, अशा अर्थाच्या पाट्या येतात, संगीत चढत चढत असह्य होते आणि सुरीने कापावे तसे तुटते. चित्रपटगृहातील शांतता ही कधीच खरी शांतता नसते. वातानुकूलनाची घरघर, कोणाचा तरी खोकला, मागच्या रांगेतील पिशवीची कुरकुर हे सारे तिच्यात असतेच. त्या दिवशी मात्र संगीत तुटल्यावर ही घरघरसुद्धा मला आधार वाटली.

पुढे मोठमोठी स्थानके फुटतात, पण त्या फुटण्याला आवाज नाही. स्टोनचा हात ज्या वस्तूला टेकलेला असतो तिची कंपने तेवढी पोशाखातून दबकी येतात, रुळाला कान लावून लांबची गाडी ऐकावी तशी. स्फोटाची जागा स्टीव्हन प्राइस यांचे संगीत घेते. काही व्यवसायबंधूंना ही पळवाट वाटते आणि संगीतही काढून टाकले असते तर चित्रपट अधिक धीट झाला असता, हे मलाही मान्य आहे. पण त्याला मिळालेल्या सात ऑस्करपैकी ध्वनिसंकलन, ध्वनिमिश्रण आणि संगीत अशी तीन कानांच्या वाट्याला आली, याचा आनंद मी लपवत नाही.

भौतिकशास्त्राची शिक्षिका, नाशिक

चुका प्रथम सांगते, कारण त्या सांगितल्याशिवाय मला झोप येत नाही. हबलची कक्षा विषुववृत्ताशी २८.५ अंशांनी कललेली आहे आणि उंची त्या काळी सुमारे ५५० किलोमीटर होती. आंतरराष्ट्रीय स्थानकाची कक्षा ५१.६ अंशांनी कललेली आणि उंची सुमारे ४०० किलोमीटर. नुसता हा कल बदलायचा म्हटला तरी वेगात सेकंदाला ३ किलोमीटरच्या आसपास फरक करावा लागतो, आणि १९८४ मध्ये अमेरिकी अंतराळवीरांनी पाठीवर बांधलेल्या उडत्या खुर्चीची क्षमता होती सेकंदाला जेमतेम २५ मीटर. म्हणजे स्टोनचा अनुभवी सहकारी कोवाल्स्की तिला दोरीने ओढत हबलजवळून स्थानकापर्यंत नेतो, हे नाशिकहून होडीने हिमालयात जाण्यासारखे आहे. वजनरहित अवस्थेत स्टोनचे केसही तरंगायला हवे होते. ते शहाण्या मुलीसारखे डोक्याला चिकटून राहतात.

आता भीतीबद्दल. माझा श्वास या चुकांच्या जागी अडकला नाही, शास्त्र अचूक आहे तिथे अडकला. यांत्रिक हातापासून सुटलेली स्टोन अंधारात गरगरत जाते, आणि तिला थांबवणारे काहीच नसते. हवा नाही, घर्षण नाही, ढकलायला भिंत नाही. कोनीय संवेगाची अक्षय्यता मी वीस वर्षे फळ्यावर लिहीत आले, पण त्या नियमाची भीती वाटावी, हे पहिल्यांदाच घडले. उलट शेवटी ती अग्निशामक नळकांड्याचा फवारा मागे सोडत पुढे सरकते, तेव्हा तोच न्यूटन तिचा सोबती होतो.

स्टोनला वाचवण्यासाठी कोवाल्स्की दोरी सोडून दूर जातो त्या दृश्यावर अकरावीच्या वर्गात पूर्ण तासभर वाद झाला. दोघे स्थिर झाले असतील तर हलक्या हिसक्यानेही तो जवळ यायला हवा होता, मग तो दूर का ओढला जातो, हा नेहमीचा आक्षेप मीच मांडला होता. त्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने दाखवून दिले की स्टोनच्या पायाला अडकलेल्या हवाई छत्रीच्या (पॅराशूटच्या) दोऱ्या तोवर सरकतच आहेत, म्हणजे दोघे थांबलेले नाहीतच. आक्षेप तिच्या उत्तराने पूर्ण मिटतो असे मला वाटत नाही, पण तेवढे निरखून मी पाहिले नव्हते, हे मी वर्गात कबूल केले.

सॉफ्टवेअर अभियंता, ठाणे

माझे मत वेगळे आहे आणि ते थोडक्यात सांगते. चार वर्षांच्या मुलीच्या मृत्यूची कहाणी स्टोनला चिकटवण्याची काहीएक गरज नव्हती. संकटातील पुरुष नुसता जगण्यासाठी धडपडला तर आपल्याला पुरते. बाईला मात्र जगावेसे वाटण्यासाठी आधी तिचे मूल मेलेले असावे लागते, हा हिशेब मला पटत नाही. संवादही जिथे गप्प बसायला हवे तिथे बोलतात. न्यायासाठी हेही नोंदवते की मी हा चित्रपट कर्जत लोकलमध्ये भ्रमणध्वनीवर पाहिला, मला कल्याणला उतरायचे होते आणि मी मान वर केली तेव्हा अंबरनाथ आले होते.

अतिदक्षता विभागातील परिचारिका, कोल्हापूर

मी पहिल्यांदा हा चित्रपट पाहिला तेव्हा मला तो आवडला, एवढेच आठवते. दुसऱ्यांदा पाहिला तो २०२१ च्या पावसाळ्यात, करोनाची दुसरी लाट ओसरल्यानंतर, आणि स्टोनच्या ऑक्सिजनची टक्केवारी एक अंकी झाल्यावर मी चित्रपट थांबवून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. त्याआधीच्या दोन महिन्यांत मी जागेपणी सतत आकडेच पाहत होते, आणि तो घसरणारा आकडा मला कथेतला वाटेना.

नंतर उरलेला भाग पाहिला आणि त्यातील समज पाहून चकित झाले. कोवाल्स्की तिला सांगतो की हवा ढसाढसा पिऊ नकोस, घोट घोट घे. घाबरलेल्या रुग्णाच्या उशाशी बसून आम्ही याहून वेगळे काही करत नव्हतो. गुदमरण्याची जी तडफड होते ती मुख्यतः साठत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते; नुसता ऑक्सिजन कमी होत गेला तर माणूस पुष्कळदा घाबरतही नाही, उलट शांत, किंचित सुखावलेला दिसतो, आणि आम्हाला धास्ती असते ती याच शांतपणाची. सोयूझ या रशियन यानात इंधन नाही हे कळल्यावर स्टोन स्वतःहून ऑक्सिजन कमी करते, डोळे मिटते आणि गेलेला कोवाल्स्की दार उघडून हसत आत येतो. पुष्कळांना हे दृश्य फसवे वाटले. मला ते चित्रपटातील सर्वांत खरे दृश्य वाटले, कारण ऑक्सिजन घसरत असताना खोलीत नसलेल्या माणसांशी बोलणारे रुग्ण मी पाहिले आहेत. त्यांच्याशी बोलायला कोण आले होते, हे विचारायला सवड नसे.

गृहिणी, न्यू जर्सी

आमच्या इथल्या प्रेक्षागृहात निम्मे लोक भारतीय होते. सुरुवातीला शरीफ नावाचा भारतीय अंतराळवीर दोरीच्या टोकाला झोके घेत 'मेरा जूता है जापानी' गुणगुणतो, तेव्हा सारे प्रेक्षागृह खळखळून हसले. १९५५ च्या 'श्री ४२०' मधील हे गाणे माझे सासरे आंघोळ करताना म्हणत असत. काही मिनिटांतच तुकड्यांचा मारा होतो, आणि नंतर कोवाल्स्की शरीफचा देह वळवतो तेव्हा चेहऱ्याच्या जागी आरपार भगदाड दिसते. शेजारी त्याच्या कुटुंबाचे छायाचित्र तरंगत असते. माझा श्वास तिथे अडकला, आणि थोडा रागही आला, कारण आपल्या माणसाला पडद्यावर मिळाले ते एक गाणे, एक छायाचित्र आणि एक भोक. मुले म्हणाली, आई, तो मेल्याशिवाय आपल्याला भीती कशी वाटणार? त्यांचे बरोबर असेल.

निवृत्त रेडिओ अधिकारी, रत्नागिरी

व्यापारी जहाजांवर माझी सारी नोकरी कानाला हेडफोन लावून गेली, म्हणून मी एकाच प्रसंगाविषयी लिहितो. सोयूझमध्ये अडकलेली स्टोन रेडिओवर मदत मागत असते आणि तिला सापडतो ग्रीनलँडमधील अनिंगाक नावाचा माणूस. तिला त्याची भाषा येत नाही, त्याला तिची. ती 'मेडे, मेडे' ही संकटातली हाक देत राहते आणि त्याला वाटते की हे तिचे नाव आहे. मागे कुत्री भुंकतात, तीही त्यांच्यासारखी हेल काढते. मग एक तान्हे मूल रडते, आणि तो अंगाई गाऊ लागतो. त्याचे बोलणे पडद्यावर भाषांतरित केलेले नाही, ही दिग्दर्शकाची कृपा.

आमच्या काळी जहाजाच्या रेडिओ कक्षातील घड्याळावर लाल आणि हिरवे पट्टे रंगवलेले असत. तासातून ठरावीक वेळी, तीन तीन मिनिटे, संकटाच्या वारंवारतेवर सर्वांनी गप्प बसायचे, म्हणजे कोणाची क्षीण हाक असेल तर ती ऐकू येईल. त्या मिनिटांत खरखर ऐकत बसण्याची सवय शरीराला इतकी लागते की निवृत्तीनंतरही पंचेचाळिसाव्या मिनिटाला माझे हात थबकत. रात्रीच्या पाळीत मलाक्काच्या सामुद्रधुनीजवळ कोळ्यांची बोलणी कानावर पडत. कोणी हसे, कोणी काहीतरी गाई. संकटाच्या वाहिनीवर असे बोलणे नियमाबाहेर होते आणि दिवसा मी खडसावतही असे. पहाटे दोन ते चारच्या दरम्यान मात्र कधी खडसावले नाही.

तेव्हा त्या प्रसंगात प्रेक्षक हसले तरी माझा श्वास अडकला. मरणाऱ्या माणसाची हाक पोहोचली आहे, ऐकणारा सज्जन आहे, रेडिओ ठीक चालतो आहे, आणि तरीही मदत होऊ शकत नाही. आमच्या व्यवसायात याहून वाईट रात्र नाही. अनिंगाकची बाजू दाखवणारा एक छोटा चित्रपट सहलेखक होनास कुआरॉन यांनी स्वतंत्रपणे केला आहे. बर्फावरच्या त्या माणसाला आपण कोणाशी बोललो हे त्यातही कळत नाही.

फिजिओथेरपिस्ट, नागपूर

माझा श्वास अडकला तो सारे संकट संपल्यावर. यान तळ्यात पडते, पोशाखाच्या वजनाने स्टोन बुडू लागते, तो काढून ती वर येते आणि किनाऱ्याच्या चिखलात पालथी पडते. उठायला जाते, कोसळते, स्वतःशीच हसते आणि पुन्हा उठते. ती उठते कशी, हे मी परत परत पाहिले. भार सरळ पायांवर न टाकता ती आधी तळहात रोवते, मग गुडघा घेते, आणि पाय थरथरत असताना घाई करत नाही.

अपघातानंतर कित्येक आठवडे अंथरुणावर असलेल्या एका शेतकरी काकांना मी ती शेवटची काही मिनिटे दाखवली होती. ते सराव करायलाच तयार नव्हते. त्यांनी विचारले, "ही बाई किती दिवस पडून होती?" पडून नव्हती, तरंगत होती, असे मी सांगितले, तर म्हणाले, "म्हणजे पायावर भार नव्हताच ना? मग माझ्यासारखंच झालं." दृश्य पुन्हा लावायला सांगून ते पडद्याजवळ वाकले आणि म्हणाले, "मॅडम, तिनं आधी हात टेकला, बघा. तुम्ही मला रोज तेच सांगता."