वादळांवर पीएचडी: गडगडाटी घ्यावीत की चक्री?

कातरवेळ:
एम.एस्सी. भौतिकशास्त्राचं शेवटचं सत्र चालू आहे. पीएचडी वादळांवरच करायची, इतपत ठरलंय. पुढे घोडं अडलंय. गारा, टोर्नेडो, सुपरसेल (आतला वर चढणारा झोत फिरतो अशी मोठी गडगडाटी वादळं) यांच्याबद्दल वाचलं की वाटतं हेच करावं, आणि चक्रीवादळाचं उपग्रहातून घेतलेलं चित्र दिसलं की मन तिकडे पळतं. हवामानशास्त्राचा एकही पेपर दिलेला नाही. पायथन जेमतेम येतं, फोरट्रानचं नाव ऐकून आहे. अर्जासोबत दोन पानी निवेदन द्यायचंय आणि माझ्या पहिल्याच ओळीत ‘लहानपणापासून मला पावसाचं वेड’ आलंय. या वाटेने गेलेलं कुणी आहे का इथे? दोन्हींतलं एक आधीच निवडावं लागतं का?

नेत्रभित्ती:
आधी ती वेडाची ओळ खोड. आम्ही सगळ्यांनी ती लिहिली होती.

मी पाचव्या वर्षाला आहे, विषय चक्रीवादळांची तीव्रता. मीही भौतिकशास्त्रातूनच आले, त्यामुळे हवामानशास्त्र नसल्याची धास्ती घेऊ नकोस. द्रवगतिकी आणि उष्मागतिकी पक्की असली की बाकीचं पहिल्या वर्षात भरून निघतं. स्क्यू-टी आलेख (उंचीनुसार हवेचं तापमान आणि ओलावा दाखवणारा) मात्र आजपासून वाचायला लाग. रोज एक, कुठल्याही केंद्राचा. महिनाभरात हात बसतो.

निवडीचं म्हणशील तर दोन्हींतला फरक मला विंड शिअरमुळे, म्हणजे उंचीनुसार वाऱ्याचा वेग-दिशा बदलण्यामुळे, कळला. शिअर असला की सुपरसेलचं फावतं: पाऊस बाजूला पडतो, वर चढणाऱ्या झोताचा गळा तो घोटत नाही, आणि झोत फिरायला लागतो. तोच शिअर जास्त झाला की चक्रीवादळाचा उबदार गाभा तिरका होतो, कोरडी हवा आत शिरते आणि वादळ मोडतं. एकाचं अन्न ते दुसऱ्याचं विष. म्हणजे भौतिकशास्त्र एकच, तू कुठल्या टोकाला उभा आहेस एवढाच प्रश्न. मधला पूलही आहे. किनाऱ्यावर आलेल्या चक्रीवादळाच्या बाहेरच्या पट्ट्यांत छोटे सुपरसेल तयार होतात. २००४ च्या आयव्हन वादळातून शंभरावर टोर्नेडो निघाले. तुझ्यासारख्या दोन्हीकडे ओढ असलेल्याने तिथे बघायला हरकत नाही.

आता माझी फजिती सांगते, कारण निवेदनात काय लिहायचं ते मला तिच्यामुळे कळलं. पहिल्या वर्षी आयबीट्रॅक्समधली वादळं घेतली (जगभरातल्या चक्रीवादळांच्या मार्गांची एकत्र नोंद, फुकट मिळते) आणि वारा झपाट्याने कधी घसरतो ते शोधत बसले. प्रशांत महासागरात वादळ १८० रेखांश ओलांडून पश्चिमेला गेलं की वाऱ्याचा आकडा धपकन खाली! एक नाही, अनेक वादळांत. तीन आठवडे मी समुद्राचं तापमान, शिअर, आर्द्रता सगळं त्या रेषेवर मांडून पाहिलं. रात्री झोप नाही, मोठा शोध लागलाय म्हणून. मीटिंगला स्लाइड लावली. गाइडनी बघितली आणि एवढंच विचारलं, ‘त्या रेषेपलीकडे नोंद कोण करतं?’

अमेरिकेची संस्था एका मिनिटाचा सरासरी वारा देते, जपानची दहा मिनिटांचा. दहा मिनिटांची सरासरी काढली की आकडा कमीच येणार. मी घेतलेल्या रकान्यात त्या त्या भागाच्या जबाबदार संस्थेचा आकडा होता, तो रेषेवर बदलत होता. वादळाला त्या रेषेचा पत्ताही नव्हता.

निवेदनात हेच लिही. म्हणजे माझी गोष्ट नव्हे, तुझी: एक वादळ घे, त्याचा डेटा स्वतः उघड, काय खटकलं ते लिही. विषय हवा असेल तर ऑक्टोबर २०२३ चं ओटिस घे. सकाळी नुसतं उष्णकटिबंधीय वादळ, मध्यरात्र उलटल्यावर मेक्सिकोतल्या अकापुल्कोजवळ पाचव्या, म्हणजे सर्वात वरच्या श्रेणीचं. २४ तासांत वारा ३० नॉटने (ताशी सुमारे ५५ किमी) वाढला तरी आम्ही ‘झपाट्याने तीव्र झालं’ म्हणतो. ओटिस त्याच्या कितीतरी पुढे गेलं आणि मॉडेलांना सुगावा नव्हता.

गारपिट्या:
वरच्या ताईंचं सगळं मान्य, पण मैदानातली बाजू राहिली.

वादळाच्या मागे गाडी पळवणं हे स्वप्न असेल तर सांगतो, दिवसाचा बराचसा वेळ उभ्या गाडीत जातो. एका मोहिमेत माझ्याकडे फुगे सोडायचं काम होतं, दर तीन तासांनी एक. पहाटे तीनचा फुगा लक्षात आहे. गॅस भरून झाला, मी गळा धरून उभा, साँड (फुग्याला दोरीने बांधलेलं, हवा मोजणारं यंत्र) दुसऱ्याच्या हातात, आणि वादळाच्या पुढची थंड झुळूक आली. फुगा आडवा झाला, दोरी ताणली, साँड कुंपणाला आपटून फुटलं. दुसरं तयार करेपर्यंत वादळ डोक्यावर. नेमक्या हव्या त्या वेळेचं निरीक्षण गेलं.

आणि ज्या दिवशी आकाश कोरडंच राहतं त्याही दिवशी फुगे सोडायचे. सगळं जुळून आलेलं असताना वादळ का झालं नाही, हा माझ्या थिसिसचा निम्मा भाग आहे. व्हिडिओत हे कुणी दाखवत नाही.

अर्जेंटिनातल्या २०१८ च्या गडगडाटी वादळांवरच्या रिलाम्पागो मोहिमेचा डेटा खुला आहे. त्यातला एखादा दिवस घेऊन बस.

कातरवेळ:
दोघांचेही आभार. ओटिस उघडलं. वाऱ्याचे इतके रकाने आहेत की गोंधळलो. आणि डब्ल्यूआरएफ (हवामानाचं संगणकी मॉडेल) चालवून पाहिलं, तीन किलोमीटरची जाळी, अर्ध्या तासात कोसळलं. एररमध्ये सीएफएल दिसतंय.

नेत्रभित्ती:
सीएफएल म्हणजे जाळीच्या मानाने टाइम-स्टेप (मॉडेल एका पावलात पुढे जातं तेवढा काळ) मोठी पडली. किती दिलीस? ढोबळ नियम असा की जाळीच्या किलोमीटरला सहाने गुणायचं, तेवढे सेकंद. तुझ्यासाठी १८. तू बहुतेक ३० दिले असशील, मीही दिले होते. तरी कोसळलं तर १५ वर ये. आणि रकाना कुठलाही घे, पण तो एक मिनिटाचा की दहाचा ते आधी वहीत लिही, मगच आलेख काढ.

कातरवेळ:
३० च दिले होते.