वर्षावनासाठी आधी काय: रोपं, की फळं खाणारे प्राणी?

रानवेडा: झाडं उभी आहेत म्हणजे जंगल शाबूत, असं आपण धरून चालतो. मला ते अजिबात पटत नाही. शिकारीने माकडं, टापिर (छोट्या सोंडेचा, डुकरासारखा दिसणारा प्राणी), हत्ती संपलेलं वर्षावन वरून हिरवंगारच दिसतं, पण त्याची पुढची पिढी उगवत नसते. तिथल्या बहुसंख्य वृक्षजाती बी पसरवायला प्राण्यांवर विसंबून असतात. बी मूळ झाडाच्या बुंध्याशीच पडलं, तर त्या जातीवर टपलेले किडे आणि बुरशी तिथे आधीच हजर. जॅन्झन आणि कॉनेल या पर्यावरणशास्त्रज्ञांनी १९७०-७१ मध्ये स्वतंत्रपणे हेच मांडलं. काँगो खोऱ्यातला जंगली हत्ती मोठाल्या बिया गिळतो आणि कित्येक किलोमीटर पलीकडे लिदीसकट टाकतो. कुठली रोपवाटिका हे करेल? वृक्षारोपणाआधी शिकार रोखण्यावर पैसा लावा.

आडवाट: असहमत. फळ खाणारा प्रत्येक प्राणी बी पेरत नाही. पेकरी हा रानडुकरासारखा प्राणी टणक बिया दाढांखाली फोडतो. साकी माकड कच्च्या फळातलं बीच खाऊन टाकतं. ओरांगउटान एका झाडाच्या बिया गिळून पसरवतो, दुसऱ्याच्या चावून संपवतो. शिवाय गुरांसाठी साफ केलेल्या उघड्या रानात माकडं उतरत नाहीत. तिथे शिकार थांबवून काय उगवणार? रोपंच लावावी लागतात.

निशाचर: माकडं नसतील उतरत, वटवाघळं येतात ना! अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली छोटी फलाहारी वटवाघळं सेक्रोपिया या झाडाची, मिरीच्या कुळातल्या झुडपांची फळं खातात आणि उडता उडता विष्ठा टाकतात. त्यामुळे बी उघड्यावरही पडतं. पक्षी बहुधा फांदीवर बसून शिटतात, म्हणजे पुन्हा झाडाखालीच.

आडवाट: सेक्रोपिया हलक्या लाकडाचं, अल्पायुषी झाड. सावली धरायला उत्तम, पण मोठ्या बियांची झाडं ही वटवाघळं कशी आणणार?

रानवेडा: माझा मुद्दा तोच आहे! मोठं बी गिळायला मोठा प्राणी लागतो, आणि शिकारीत तोच पहिला जातो. फळं खाणाऱ्या मोठ्या कोळीमाकडाची मादी साधारण तीन वर्षांतून एकच पिल्लू देते, ती तूट भरून निघणार कशी? मोठ्या बियांच्या झाडांचं लाकूड बरेचदा घट्ट असतं, जास्त कार्बन धरून ठेवतं. ती गेली की नुकसान हवामानाचंही आहे.

सावली: आडवाट, खाणारा वेगळा आणि पेरणारा वेगळा, अशी सरळ विभागणी होत नाही. पनामातल्या बारो कोलोरॅडो बेटावर संशोधकांनी पाम झाडाच्या बियांना छोटे रेडिओ ट्रान्समीटर बांधले. अगूटी हा सशाएवढा कुरतडणारा प्राणी त्या बिया पुढे खायला म्हणून जमिनीत पुरतो. दुसरा अगूटी येऊन उकरतो आणि आणखी लांब नेऊन पुरतो. एक बी असं ३६ वेळा पुरलं गेलं! खायचं राहून गेलेलं बी रुजतं.

आडवाट: अगूटीचं मान्य. पण सरसकट शिकारबंदीला माझा विरोध कायम. जंगलातच राहणाऱ्यांना मांस तिथूनच मिळतं. त्यांनी काय खायचं, ते तुमच्या योजनेत कुठेच नाही.

रानवेडा: पोटापुरती शिकार मी वेगळी धरतो. माझा रोख लाकूडतोडीच्या रस्त्यांवरून शहरांकडे जाणाऱ्या मांसावर आहे. तोड संपली की ते रस्ते बंद करा, पहारा तिथेच बसवा.