मदत हवी आहे : रायफलच्या काडतुसांचं रिलोडिंग (रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरणं) करताना हेडस्पेस किती ठेवायचा?

पहिलाबार : तिसऱ्यांदा भरून उडवलेल्या पुंगळ्यांवर बुडाच्या जरा वर चकचकीत कडं दिसतंय. साइझिंग डाय (पुंगळी दाबून पुन्हा मापात आणणारा साचा) पुस्तिकेत दिल्याप्रमाणेच बसवलीय. ट्रिम करून लांबी 2.005 इंच केलीय. हेडस्पेस किती ठेवायचा, फक्त आकडा सांगा. रविवारी रेंजवर जायचंय.

काडतूसवेडा : कॅलिबर? बोल्ट की सेमी-ऑटो? हेडस्पेस म्हणजे बोल्टच्या तोंडापासून पुंगळी चेंबरमध्ये जिथे टेकते तिथपर्यंतचं अंतर. ती रिमवर (बुडाची कड) टेकते, बेल्टवर (बुडापुढचा पट्टा) की खांद्यावर (तोंडाजवळच्या अरुंद मानेखालचा उतार), हे कळल्याशिवाय आकडा कसा देणार?

अण्णा303 : माझी .303 रिमवर टेकते. फक्त मान साइझ करतो, पुंगळ्या टिकतात. तेच करा.

पहिलाबार : .308, बोल्ट. लांबी बरोबर आहे म्हटलं ना!

मोजूनमापून : ती तोंडापर्यंतची लांबी, हेडस्पेस वेगळा. .308 मध्ये बोल्टच्या तोंडापासून खांद्यावर जिथे व्यास 0.400 इंच होतो तिथपर्यंत मोजतात. गो गेज (यावर बोल्ट बंद व्हायला हवा) 1.630, नो-गो (यावर बंद होऊ नये) 1.634. हे झालं रायफलचं. आपल्या हातात फक्त पुंगळी. उडवलेली आणि साइझ केलेली, दोन्ही कंपॅरेटरने (खांद्यापर्यंतचं माप घेणारं साधन) मोजा.

अण्णा303 : मोजत कशाला बसायचं? मानच साइझ करा.

काडतूसवेडा : अण्णा, काही बारांनंतर बोल्ट जड लागतो, तेव्हा खांदा मागे घ्यावाच लागतो.

तापवणारा : अ‍ॅनिलिंग (मान तापवून पितळ मऊ करणं) करता का? मी दर वेळी करतो, मान फाटत नाही.

काडतूसवेडा : मान फाटली असं कोण म्हणतंय? कडं बुडाशी आहे.

पहिलाबार : उडवलेली 1.631, साइझ केलेली 1.622.

मोजूनमापून : मग झालं! खांदा 9 थाउ (इंचाचे हजारावे भाग) मागे ढकललाय. डाय शेलहोल्डरला (पुंगळीचं बूड धरणारा भाग) टेकवून आणखी पाव फेरा खाली दिलात ना? बार उडताना पुंगळीच्या भिंती चेंबरला चिकटतात, बूड मागे ताणलं जातं आणि तिथलं पितळ पातळ होतं. डाय बरीच वर घ्या, मग थोडी थोडी खाली आणा. अंग दाबलं गेलं की खांदा पुढे सरकतो, म्हणून आधी आकडा वाढेल. घाबरू नका. 1.629 ला थांबा, म्हणजे खांदा दोनच थाउ मागे.

सेमीवाला : सेमी-ऑटोलाही दोनच थाउ?

काडतूसवेडा : तीन-चार ठेवा.

पहिलाबार : पेपरक्लिपचं टोक वाकवून आतून फिरवलं. कड्यापाशी चर आहे, टोक अडकतं. त्याच लॉटच्या 40 भरून ठेवल्यात. तेवढ्या उडवून टाकू का?

मोजूनमापून : अजिबात नको. पुंगळी तिथे तुटली तर वायू मागे येतो, तुमच्या डोळ्यांकडे. गोळ्या पुलरने काढा, पुंगळ्या चेपून भंगारात टाका.

पहिलाबार : बरं. काढायला बसतो. रविवार राहिला.